अंगणातली चाकोरी

घरातले घरात ठेवावे, असे आमच्या हिचे मत आहे. आणि ज्याला दर आठवड्याला एक पान भरून द्यायचे असते त्याने घरातले घरात ठेवले तर पान कोरे जाईल, असे माझे. गेल्या दिवाळीपासून आमच्या अंगणावरून जे रामायण झाले ते मी आजवर या पानावर आणले नव्हते. पण दिवाळी अंकाला काहीतरी ऐसपैस द्या, असा संपादकांचा निरोप आला, आणि ऐसपैस म्हणावे असे आमच्याकडे एक अंगणच होते. होते असे का म्हणतो, ते पुढे येईलच.

आम्ही शिरूरचे. सरकारी कागदावर शिरूर, जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदी. इंग्रजी अमदानीत इथे लष्कराची छावणी होती, घोडदळ होते. पण घोडे बांधायला जागा नाही, अशी तक्रार तेव्हा कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आमच्या तीर्थरूपांनी १९७४ साली घर बांधले ते मागे ओढून, आणि पुढे तीस फूट रुंद, चोवीस फूट खोल असे अंगण सोडले. त्यांच्यापाशी एक सायकल होती, आणि ती ते ओट्यावर चढवून, कुलूप लावून, वर फडके टाकून ठेवीत. एवढी मोकळी जागा कशाला, असे कोणी विचारले की म्हणत, “पोरीचं लग्न काय रस्त्यावर लावू?” आक्काचे लग्न त्याच अंगणात लागले. माझी मुंज तिथेच. वाळवणे, हळदीकुंकू, कोजागिरी, आणि दिवाळीत पोरांचा किल्ला, सारे तिथेच. त्या जागेत एखादे वाहन उभे करावे, असे अर्धशतकात कोणाच्या मनात आले नाही, कारण वाहनच नव्हते.

मी नोकरीला लागल्यावर स्कूटर नोंदवली. त्या काळी स्कूटरचा नंबर लागेपर्यंत माणसाचे लग्न होऊन मूल शाळेत जाई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा सारा देश हरखला. सव्वातीन मीटरच्या पुढे थोडी, एवढीच तिची लांबी. हल्लीच्या लहान म्हणवणाऱ्या गाड्या करातल्या सवलतीसाठी चार मीटरच्या आत बसवतात खऱ्या, पण त्या चाराला नाक टेकवूनच उभ्या असतात. राज्य सरकारने २०२० साली बांधकामाची जी एकत्रित नियमावली केली तिच्यात एका मोटारीच्या जागेचे माप अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब असे दिले आहे. आमच्या गल्लीतल्या एका बिऱ्हाडाची पुढची खोली याहून लहान आहे, आणि तीत चार माणसे निजतात.

आमचे चिरंजीव रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. पाळ्या बदलत्या. त्यांची गाडी आली तेव्हा फाटकाच्या आत, डाव्या हाताला, शहाबादी फरशीच्या तुकड्यावर तिला जागा मिळाली आणि प्रश्न मिटला. पण तोवर मी एक नवा प्रश्न पेरून ठेवला होता.

सेवानिवृत्त झाल्यावर माणसाला काही ना काही नाद लागतो. कोणी होमिओपॅथी करतो, कोणी ज्योतिष. मला हिरवळीचा नाद लागला. उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिका पुष्कळ आहेत. तिथून टेम्पोत घालून गालिच्यासारखी गुंडाळलेली हिरवळ मी आणली आणि अंगणाच्या उजव्या अंगाला, फाटकापासून पेरूच्या झाडापर्यंत, अंथरली. बारा फूट बाय अठरा फूट. सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यावर अनवाणी उभे राहायचे, आणि रस्त्याने जाणाऱ्याने “वा, काय लॉन आहे!” म्हटले की आपले लक्षच नव्हते असे दाखवायचे, हा माझा सहा वर्षांचा नेम होता.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी हिरवळीची एक काडी उपटून पाहिली आणि विचारले, “काका, ही तर हरळी! हिला पैसं दिलं?”

मी म्हटले, “मावशी, हिला बर्म्युडा म्हणतात.”

“काय बी म्हणा. आमच्या रानात या, पाहिजे तेवढी न्या. वर खुरपायची मजुरी मी देते.”

पुढे मी चौकशी केली तेव्हा कळले की बाई शंभर टक्के बरोबर होत्या. ज्याला परदेशात बर्म्युडा ग्रास म्हणतात, ज्याच्या जुड्या करून आपण गणपतीला वाहतो, आणि ज्याच्या नावाने शेतकरी बोटे मोडतो, ते गवत एकच. माझ्या बारा बाय अठराच्या तुकड्यात तेच होते. फरक एवढाच की रानातली हरळी पाण्यावाचून मरत नाही, आणि विकतच्या हरळीचे लाड करावे लागतात. आमच्या बाजूला वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात तालुक्यातल्या गावांना टँकर. अशा वेळी मी संध्याकाळी नळी धरून उभा राहत असे. मावशी बोलत नसत, पण त्या वेळी फाटकातून बाहेर पडताना त्या माझ्याकडे न बघता नळीकडे बघत. पुढे पुढे मी पाणी रात्री जेवणानंतर घालू लागलो. एवढ्यावरून वाचकांनी काय ते समजावे.

आता सूनबाईंकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. दोन वर्षांपूर्वी तिला दौंडला नोकरी लागली. चांगली, कायमची, तिच्या शिक्षणाला साजेशी. शिरूर आणि दौंड हे दोन्ही पुणे जिल्ह्याचेच तालुके; नकाशावर वीतभर. पण एक नगर रस्त्यावर आणि दुसरे सोलापूरच्या रेल्वेवर. दोघांची तोंडे दोन दिशांना. पुण्याला जायला दोन्हीकडून वाटेल तितकी सोय, पण एकमेकांकडे जायचे तर न्हावऱ्यावरून आडवे जा, एस. टी.ची वाट बघा, मध्ये उतरा, पुन्हा वाट बघा. पहिले सहा महिने तिने हे केले. सकाळी सहाला घर सोडायची, रात्री आठला परत. नात झोपेत असताना जायची आणि झोपेला आल्यावर यायची. मग कर्ज काढून तिने स्वतःची गाडी घेतली. जुनीच, पण तिच्या नावाची. आमच्या घराण्यातली स्वतःच्या नावाची गाडी असलेली पहिली बाई. हिने औक्षण केले, मी नारळ फोडला, आणि गाडी रस्त्यावर उभी राहिली, कारण आत जागा नव्हती.

रस्त्यावर म्हणजे समोरच्या वकीलसाहेबांच्या फाटकाला थोडीशी आडवी. आमची गल्ली अठरा फुटांची. दुधाचा टेम्पो पहाटे वळताना एकदा आरसा घेऊन गेला, दुसऱ्यांदा दाराला ओरखडा. वकीलसाहेब सज्जन गृहस्थ. पहिल्या महिन्यात ते हसून म्हणाले, “जरा पुढे घ्या बरं का.” दुसऱ्या महिन्यात न हसता म्हणाले. तिसऱ्या महिन्यापासून ते म्हणेनासेच झाले. फक्त सकाळी स्वतःची गाडी काढताना हॉर्न जरा जास्त वेळ दाबीत. पस्तीस वर्षांचा आमचा शेजार. आणि गेल्या दिवाळीत त्यांच्याकडचे फराळाचे ताट आले नाही.

ज्यांनी गावात दिवस काढले आहेत त्यांना ताट न येण्याचा अर्थ सांगायला नको. आमचे ताट हिने पाठवले होते. ते रिकामे परत आले. रिकामे ताट परत करू नये म्हणून निदान चिमूटभर साखर तरी घालतात, तीही नव्हती. ही दोन दिवस चकलीचा सोऱ्या आपटत होती.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरात सभा भरली. चिरंजीवांचे म्हणणे तयारच होते: सगळे अंगण उकरायचे, पेव्हिंग ब्लॉक टाकायचे, दोन काय तीन गाड्या बसतील, चिखल नाही, पाला नाही, कटकट नाही. हिचे म्हणणे, वाळवणे कुठे घालू? नातीने विचारले, “मग माझा किल्ला कुठे?” मी म्हणालो, हिरवळ गेली तर घराची शोभा जाईल, आणि शोभेवर मी बराच वेळ बोललो. सूनबाई काही बोलली नाही. ती पणत्या विझल्या होत्या त्यांत तेल घालीत राहिली.

रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरात ती हिला सांगत होती, “आई, मी शिरूरमध्येच काहीतरी बघते. पगार निम्मा मिळेल, पण रोजची ही भांडणं तरी नकोत माझ्यामुळे.”

मी पाणी न पिताच परत गेलो. हिरवळीला रोज रात्री किती पाणी घालत होतो, त्याचा हिशेब त्या अंधारात उगाचच डोक्यात येऊ लागला.

भाऊबीजेला दौंडला आक्काकडे जायचे असते. दर वर्षी चिरंजीव नेत. या खेपेस त्यांची पाळी होती म्हणून सूनबाईने नेले. तिच्या शेजारी बसून तो रस्ता मी पहिल्यांदा पाहिला. पाहिला म्हणजे शंभरदा गेलो असेन, पण झोपून. उसाचा हंगाम लागला होता. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना तांबडे फडके, आणि बाहेर लोंबणारा ऊस. सूनबाई दोन्ही हात चाकावर ठेवून गप्प बसली होती. “रोज असं?” मी विचारले. “परत येताना अंधार असतो, बाबा, तेव्हा जास्त,” ती म्हणाली आणि पुढे निघून गेली. एवढे करून घरी आल्यावर गाडी कुठे लावू, ही काळजी वेगळी.

दौंड हे गावच मुळी गाड्या उभ्या करायच्या जागेचे. पुण्याहून दिकसाळपर्यंतची रेल्वे १८५८ साली सुरू झाली, मनमाडचा फाटा १८७८ साली आला, बारामतीचा १९१४ साली. तेव्हापासून दौंडात रूळ, सायडिंगे आणि उभे डबे यांना तोटा नाही. आमचे दाजी रेल्वेत होते. त्यांनी स्टेशनापासून पायी जाता येईल असे घर बांधले, आणि अंगणात कडुलिंब लावला. बारा वर्षांपूर्वी धाकट्या भाच्याने मोटार घेतली तेव्हा त्या अंगणाला सबंध सिमेंटचा कोबा केला. एका दिवसात चकाचक. त्या वेळी मीच म्हणालो होतो, “आक्का, राजवाडा झाला!” माणूस काय काय बोलून जातो.

या खेपेस मी त्या अंगणात उभा राहून नीट पाहिले. कडुलिंबाचा बुंधा तेवढा शिल्लक, कमरेएवढा, त्यावर कुंडी. सिमेंट थेट खोडापर्यंत भिडवले होते. आळे ठेवले नाही. तीन वर्षांत झाड वाळले. कोब्याला जागोजागी भेगा, कारण खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर मुरूम न भरता सिमेंट ओतले तर ते कपबशीसारखे तडकते. पण खरी गंमत रस्त्याची. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो, जुना कोणी खरवडत नाही. रस्ता चढत गेला आणि अंगण खाली राहिले. कोब्याचा उतार पूर्वी फाटकाकडे होता, आता त्याला जायला वाटच नाही. एका परतीच्या पावसात पाणी अंगणात साचून ओट्यावर आणि ओट्यावरून माजघरात आले.

“पापड मात्र तासाभरात वाळतात,” आक्का म्हणाली. “तेवढं एक सुख. बाकी चैत्रात दुपारी इथं अनवाणी पाय टाकून दाखव. ह्यांची खुर्ची झाडाखाली असायची. झाड गेल्यावर ते घरातच बसायला लागले.” दाजींना जाऊन चार वर्षे झाली. यावर तिने आणखी काही सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

तिचा थोरला मुलगा इंग्लंडात असतो. ओवाळणी झाल्यावर त्याचा फोन आला, त्यात चित्रही दिसते. मी माझ्या हिरवळीचे गाऱ्हाणे त्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, “मामा, तिकडे लोकांनी घरापुढच्या बागा गाड्यांसाठी इतक्या फरशीखाली घातल्या की सरकारला कायदा करावा लागला.” २००७ साली तिथे मोठे पूर आले, आणि २००८ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडात असा नियम झाला की घरापुढच्या पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची, आणि पाणी आपल्याच वाफ्यात वा हिरवळीत सोडायचे नाही, तर आधी परवानगी काढा. पाणी मुरणारी फरशी असेल तर परवानगी नको.

आक्काने हे ऐकले आणि म्हणाली, “बघ. तुझ्या अंगणातलं पाणी गटारानं घोडनदीत जाणार. घोड वरच्या अंगाला भीमेला मिळते आणि भीमा येते आमच्या दौंडाला. बाबा रे, भाऊबीजेला मला माहेराहून साडी पाठव. पाणी नको पाठवू. तुझं तू तिथंच मुरव.”

परतीच्या वाटेवर मी गणित केले. बारा बाय अठरा म्हणजे दोनशे सोळा चौरस फूट. मेट्रिकमध्ये वीस चौरस मीटर. त्यावर वर्षाला अर्धा मीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात गावोगाव पळणारा टँकर साधारण एवढ्याच मापाचा असतो. चिरंजीवांच्या बेताप्रमाणे त्या तुकड्याला कोबा केला तर दर पावसाळ्यात आम्ही एक भरलेला टँकर गटारात ओतणार. आणि मी आजवर करत आलो त्याप्रमाणे हिरवळच ठेवली तर दर उन्हाळ्यात त्याहून मोठा टँकर गवताला पाजणार. दोन्ही पक्ष सारखेच शहाणे.

आणि मग, न्हावऱ्याच्या अलीकडे, शेतात वळणाऱ्या एका बैलगाडीच्या वाटेवर गाडीच्या दिव्यांचा उजेड पडला. दोन बाजूला चाकांनी कातलेल्या दोन चाकोऱ्या, आणि मधे हिरवा पट्टा. वाहनाला जमीन लागते ती फक्त चाकाखाली! पुण्यात लहानपणी एका जुन्या बंगल्यात असे पाहिल्याचेही आठवले. मी ओरडलोच, “सूनबाई, चाकोऱ्या!” तिने घाबरून ब्रेक मारला. मागच्या मोटारवाल्याने आम्हां दोघांचा उद्धार केला.

घरी आल्यावर पाटीवर आकृती काढली. प्रत्येकी दोन फूट रुंद आणि अठरा फूट लांब अशा दोन पट्ट्या, मधे पावणेतीन फुटांचे अंतर. सिमेंट लागले एकूण बहात्तर चौरस फुटांना, म्हणजे तुकड्याच्या बरोबर एक तृतीयांशाला. दोन तृतीयांश जमीन उघडी राहते, आणि पट्ट्यांवरचे पाणीही बाजूच्या गवतातच उतरते. चिरंजीवांनी मोबाइलवर जाळीचे ब्लॉकही दाखवले, भोकांतून गवत येते ते. चांगले दिसत होते. पण हिची चप्पल त्यांत अडकेल, असा हिने निकाल दिला आणि तो विषय संपला.

गवंडी आला तेव्हा त्याला हे पसंत पडले नाही. “साहेब, सगळंच करून घ्या. अर्धवट काम दिसतंय. लोक म्हणतील, पैसं संपलं.” त्याला समजावायला दोन चहा लागले. काम माघात झाले. फूटभर खोल दोन चर खणले, काळी माती काढली, मुरूम भरून पाणी मारून धुम्मसने ठोकला, वर खडी आणि पाच इंच काँक्रीट. पृष्ठभाग गुळगुळीत न ठेवता खराट्याने ओरखडे काढून घेतले, पावसात पाय घसरू नये म्हणून. पेरूला तीन फुटांचे आळे मोकळे सोडले. तिथे मी स्वतः उभा राहिलो, गवंड्यावर विश्वास न ठेवता. पेरू जगायचा तर त्याची मुळे श्वास घेतील एवढी जागा हवी, हे दौंडचा बुंधा पाहिल्यावर मला कोणी शिकवायला नको होते. खर्च मोटारीच्या चार टायरांइतका.

उकरलेली हिरवळ मी मावशींना देऊ केली. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, “हरळी घरी नेली तर मालक मला घरात घेणार नाही.” ती मग पेरूच्या कडेला लावली.

मधल्या पट्ट्यातल्या गवताचे काय होणार, याची मला धास्ती होती. गाडीखाली गवत जगते का? पण सूनबाईची गाडी दिवसभर दौंडला असते आणि रात्री घरी, म्हणजे गवताला दिवसाचे ऊन पुरते मिळते. रविवारी ती सुटीवर, तेव्हा गवतालाही एक दिवस उपास. उन्हाळ्यात मी पाणी बंद केले, आणि हे लिहिताना मला खरोखर बरे वाटते आहे. गवत पिवळे पडले, मेल्यासारखे झाले. रस्त्याने जाणारे “वा” म्हणेनासे झाले. जूनच्या पहिल्या दोन पावसांत ते सारे परत आले. हरळीच ती. मावशी म्हणाल्या, “सांगितलं नव्हतं का?”

सगळे सुखाचे झाले असे मात्र नाही. जुलैतल्या एका मोठ्या पावसानंतर उजव्या चाकोरीचा फाटकाकडचा कोपरा दोन बोटे खचला आणि चिरला. तिथे मुरूम कमी पडला होता. गवंड्याने तो दिवस घाईत उरकला होता आणि मी नेमका जेवायला गेलो होतो. पुन्हा उकरून भरावे लागले. फाटकापाशी गाडी अजून थोडी तिरकी घ्यावी लागते, आणि चिरंजीवांचे एक चाक आठवड्यातून एकदा तरी चाकोरी सोडून गवतात जाते. सूनबाईचे जात नाही. हे मी जेवताना बोललो तर चिरंजीव गप्प बसतात.

वकीलसाहेब काम चालू असतानाच एकदा येऊन उभे राहिले होते. काही बोलले नाहीत. पट्ट्या झाल्या, गाडी आत गेली, आणि गुढीपाडव्याला त्यांच्याकडून श्रीखंडाची वाटी आली. वाटी परत करताना हिने तीत साखर घातली. मूठभर. चिमूट नव्हे. पुढल्या आठवड्यात वकीलसाहेबांनी मला फाटकापाशी गाठून हळूच गवंड्याचा नंबर विचारला. त्यांच्या मुलानेही दुसरी गाडी घ्यायचे मनात घेतले आहे.

आक्का गौरीला आली होती. आल्या आल्या चप्पल काढून मधल्या गवतावर उभी राहिली, आणि बराच वेळ राहिली. मग म्हणाली, “दौंडला आमच्या कोब्याला असा मधोमध चर मारता येईल का रे?” येईल, असे मी म्हटले. भाच्याशी बोलणे चालू आहे. कोबा फोडायला घालण्यापेक्षा जास्त पैसे लागतात, असे तो म्हणतो, आणि ते खरे आहे.

आता दिवाळी आली. चार दिवसांपूर्वी नातीने जाहीर केले की यंदा शिवनेरी करायचा. दगड, विटा, गोणपाट जमा झाले. माती भिजली. आणि जागा तिने कुठली निवडली? दोन चाकोऱ्यांच्या मधली! कारण विचारले तर म्हणाली, “आजोबा, तिथं माती आहे आणि दोन्ही बाजूंनी उभं राहायला सिमेंट आहे. हात घाण होतात, पाय होत नाहीत.” तटबंदी झाली आहे, हळीव पेरले आहेत, आणि पावणेतीन फुटांच्या गडावर आता मोटार जाऊ शकत नाही. सूनबाईने गाडी परवापासून पुन्हा रस्त्यावर लावली आहे. पहिल्या रात्री ती फाटकापाशी घुटमळत होती, तेव्हा वकीलसाहेब गच्चीवरून म्हणाले, “लावा हो आमच्या फाटकाशी. पोरीचा गड मोडू नका. मी सकाळी उशिराच निघतो.”

आज सकाळी सहाला मात्र हॉर्न वाजला. उठून पाहिले, तो दुधाचा टेम्पो होता.